जादूघरातले व्याही

लालबाग,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९५९

प्रिय मालन,

बापाने लेकीला पत्र लिहिताना ‘चि. सौ.’ घालायचं असतं, हे मला कळतं. पण ज्या बापाने तुझ्या लग्नात अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत, त्याने कुठल्या तोंडाने ‘सौभाग्यवती’ लिहावं? म्हणून नुसतं ‘प्रिय’. तेवढं मात्र या तीन वर्षांत एक दिवसही खोटं नव्हतं. तुझी आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. मी अजून मिलमध्ये कापड विणायचे दोन साचे सांभाळतो. पाळीवरून आल्यावर गॅलरीत बसून सगळ्यांना वर्तमानपत्रही मीच वाचून दाखवतो आणि वाचून झालं की त्यावर माझं मत ठोकून देतो. सातवी पास माणूस म्हणून सगळे माना डोलावतात. त्या माना डोलावण्यानेच माझं डोकं फिरवलं होतं.

तुझ्या सोयरिकीची हकीकत तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने तू ती कधी ऐकली नाहीस. राजाराम मला पहिल्या दिवसापासून पसंत होता. दादरचं नीटनेटकं घर, आपल्याच मुलखातली माणसं, आणि तुझे सासरे अप्पा म्हणजे गिरगावातल्या शाळेत चित्रकला शिकवणारे, कधी आवाज न चढवणारे मास्तर. साखरपुड्याची तारीख ठरवायला गेलो, तेव्हा खुंटीला एक चपटी, काळी, चामड्याची पेटी टांगलेली दिसली. मी सहज विचारलं आणि त्यांनी तितक्याच सहजपणे ती उघडली. आत पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा, निळ्या काठाचा एप्रन होता. म्हणाले, मी फ्रीमेसन आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोटात, म्हणजे फोर्टमध्ये, आमच्या लॉजची, म्हणजे शाखेची, सभा असते, आमच्या पारशी हेडमास्तरांनी मला तिथे नेलं. मेसन म्हणजे गवंडी, हेही त्यांनीच समजावलं. जुन्या गवंड्यांच्या अवजारांवरून माणसाने सरळ कसं वागावं ते तिथे शिकवतात म्हणे. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, जन्मात हातात थापी न धरलेला हा कसला गवंडी?

हे मी चाळीत येऊन सांगितलं आणि गाडं घसरलं. आमच्या खात्यातला धोंडू तुला आठवत असेल. मिलमध्ये लागण्याआधी तो कोटात हातगाडी ओढायचा. तो ऐकून पांढराफटक पडला. “गुणाजी, अरे ता जादूघर! थंय पोर देतंस?” म्हणाला. मग त्याने सांगायला घेतलं. त्या इमारतीच्या खिडक्या कधी उघडत नाहीत, दाराशी नंगी तलवार घेतलेला माणूस असतो, नव्या माणसाला डोळे बांधून, गळ्यात दोरी घालून आत नेतात, आत कवटी ठेवलेली असते, आणि दर वर्षी त्यांच्यातला एक जण बळी जातो. धोंडू कधी दाराच्या आत गेला नव्हता. आम्हीही त्याला ते विचारलं नाही. मास्तरांची पेटी, ते कातडं, सगळं मला आता निराळंच दिसू लागलं.

पण सगळा दोष धोंडूच्या माथी मारायचा नाही. माझी भर त्याहून वाईट होती. तो जानेवारी तुला आठवतो ना? मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं जाहीर झालं, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, आपल्या आजूबाजूच्या चाळींतली तरणीताठी पोरं गेली. मी रोज वर्तमानपत्र वाचायचो आणि माणसं रडत ऐकायची. एक दिवस कुणीतरी विचारलं, हे सगळं शिजतं तरी कुठे? मी वर्तमानपत्र हातात धरलेलंच होतं. त्याच वाचायच्या सुरात मी म्हणालो, “जिथे शेटजी आणि साहेब बंद दाराआड बसतात त्या जादूघरात शिजतं.” त्या अंकात असं एक अक्षरही नव्हतं. लोकांना मात्र वाटलं की ते छापलेलंच आहे. दुसऱ्या दिवशी परळपर्यंत तेच झालं, आणि चार दिवसांनी मिलमध्ये एकाने तीच बातमी मला येऊन सांगितली, तेव्हा मीही ती खरी मानली.

मग आम्ही अप्पांना चाळीत बोलावलं. तू तेव्हा आतल्या खोलीत होतीस, तुला सगळं ऐकू आलं नसेल. संयुक्त महाराष्ट्र समितीची आठ-दहा माणसं चटईवर आणि मधे ते एकटे. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. देव मानता का? मानतो, न मानणाऱ्याला तिथे घेतच नाहीत. कुठला देव? ज्याचा त्याचा, आमच्याकडे गीता, कुराण, बायबल, पारशांचा ग्रंथ, सगळे एका जागी ठेवतात. मुंबईबद्दल तिथे काय ठरलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तिथे राजकारण बोलायला बंदी आहे.” यावर सगळे खो खो हसले. त्या दिवसांत मुंबईत राजकारण न बोलणारी चार माणसं एकत्र बसतात, यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नव्हतं. शेवटी धोंडूने, तुम्ही लोक एकमेकांना ओळखायला हाताने ज्या गुप्त खुणा करता त्या करून दाखवा, म्हणून आग्रह धरला. अप्पा म्हणाले, “तेवढं नाही दाखवणार. शब्द दिलाय.” चहा पूर्ण प्यायले, कप उचलून बाजूला ठेवला आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले. नव्व्याण्णव गोष्टी सांगितल्या त्या आम्ही विसरलो आणि एक सांगितली नाही तीच धरून बसलो.

मी सोयरीक मोडली, आणि तू त्याच आठवड्यात सांगितलंस की लग्न करीन तर राजारामशीच. किती ताठ उभी होतीस! आज सांगतो, रागाच्या आत मला तुझा अभिमान वाटला होता, पण तो मी गिळला. लग्नाला तुझी आई आली आणि मला ताप आहे असं तिने सगळ्यांना सांगितलं. मला ताप नव्हता. मी मुंबईतच नव्हतो. इथून पुढचं मला लिहिवत नाही, पण लिहितो.

मी गावी गेलो होतो. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. गाऱ्हाणं सगळ्या गावाच्या भल्याचं असतं, चार माणसं मागे उभी राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. माझ्या मागे कुणीच नव्हतं, कारण मुंबईहून निघताना रागात तुझ्या आईला बोललो तेवढंच, बाकी कुणाला मी सांगितलंच नव्हतं. गुरव म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ज्या हातान तो खुणा करता, तो हात लुळो पडांदे,” आणि ‘व्हय म्हाराजा’ मी एकट्यानेच म्हटलं. पोरी, तुझ्या सासऱ्यांवर मी करणी केली. चोरून, देवाच्या दारात. ज्या माणसाला मी चारचौघांत जादूटोण्याचा म्हटलं, त्याने आयुष्यात असलं काही केलेलं नाही, आणि मी केलं.

गेल्या दिवाळीत तुझी आई दादरहून आली ती थेट भिंतीला टेकून बसली. अप्पांचा उजवा हात गेला म्हणाली. डॉक्टर म्हणतात रक्तदाब, ते तू मला शिकवायला नको, मी रोज वर्तमानपत्र वाचतो. पण पहाटे जाग आली की मला डॉक्टर आठवत नाही, माझा स्वतःचा आवाज आठवतो. चित्रकलेच्या मास्तरांचा उजवा हात, मालन. तीन महिने मला जेवण गोड लागलं नाही.

परवा, बुधवारी, दुसरी पाळी होती. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर मी दादरला आलो. दार अप्पांनीच उघडलं, डाव्या हाताने. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, गाऱ्हाण्यातला शब्द न् शब्द. ऐकून ते म्हणाले, “गुणाजीराव, आमच्या वडिलांचाही हात असाच गेला होता. त्या नारळाला एवढं श्रेय देऊ नका.” मी पाय धरायला वाकलो तर म्हणाले, “आणि ही बातमी मला जुनी आहे. तुमच्या राधाबाईंनी लग्नाच्या दिवशीच रडत रडत सांगितली होती.” म्हणजे हात धडधाकट होता तेव्हापासून त्यांना ठाऊक होतं! मी विचारलं, मग इतकी वर्षं सुनेला का नाही सांगितलं? पोराला तरी? ते म्हणाले, “शब्द दिला होता ना त्यांना.” मला तिथेच रडू फुटलं. या माणसाला गुपित ठेवता येतं म्हणून आम्ही त्याला चाळीतून हसून वाटेला लावलं होतं, आणि त्याच्या त्या गुणाच्या आडोशाला मी तीन वर्षं अब्रूने जगलो.

निघताना त्यांनी मला डाव्या हाताने काढलेल्या रेघा दाखवल्या. वाकड्यातिकड्या होत्या. साच्यावर तुटलेला धागा मी डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने सारखाच बांधतो, हे त्यांना तुझ्याकडून कळलं होतं. तर “दर रविवारी येऊन माझ्या या डाव्या हाताला वळण लावा,” म्हणाले, आणि झालं गेलं मालनला सांगू नका, तिला बापाविषयी उगाच दुःख होईल. त्यांनी तसा माझ्याकडून शब्द मागितला. मी दिला नाही. त्यांच्या घरात मी पुन्हा काही लपवून पाऊल टाकणार नाही, आणि ते घर तुझंही आहे. म्हणून हे पत्र. परवा रविवारी सकाळी नऊला मी तुमच्या इमारतीच्या खाली, समोरच्या फुटपाथवर उभा असेन. हे वाचून तुला मला वर बोलवावंसं वाटलं नाही तर मी समजेन, अप्पांनाही सांगेन की तू म्हणतेस ते बरोबर आहे. वर बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी एकदा खिडकीत येऊन उभी राहा, तुला पाहून तीन वर्षं झाली.

तुझाच,
बाबा