परड्यातली घायपात आणि माणातला माळ

मी, अंबूबाई आकाराम साळुंखे, वय अडुसष्ट, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, अक्कल जागेवर आहे. कुणी दम दिलेला नाही, कुणी लाडीगोडी लावलेली नाही.

१. राहते घर व उसाची जमीन पतीच्या नावे आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

२. माझी बोरमाळ सून राणी हिला व पाटल्या मुलगी क्रांती हिला द्याव्यात.

३. परड्यातल्या घायपातीबाबत. माझे माहेर माण तालुक्यातले. लग्नानंतर तिकडचा एक कोंब आणून मी परड्यात लावला. थोरल्या जाऊबाई बनुबाई यांनी मायेने रोज तांब्याभर पाणी घालून तो कुजवला. "बिनपान्याचं झाड असतं व्हय?" म्हणायच्या. त्यांना मी केव्हाच माफ केले, तांब्याला नाही. पुढे दुसरा कोंब मुरमाच्या उंचवट्यावर लावला. तो जगला.

पती फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. माझ्या माहेराला ते दगडांचा मुलूख म्हणत. तिकडे पाऊल टाकत नसत.

दोन वर्षांमागे भर उन्हाळ्यात त्या झाडाच्या पोटातून दांडा निघाला. रोज सकाळी पाहावे तर कालच्यापेक्षा वर. पत्र्याच्या वर गेला, विजेच्या तारांच्याही वर गेला. फुले उमलली तेव्हा मधमाश्यांचा घुमारा चुलीपर्यंत ऐकू येई. मालक खाली उभे राहून मान मागे टाकून बघत होते. टोपी पडली, तरी त्यांना कळले नाही.

"एवढं बळ ह्यानं आनलं कुठनं गं?"

"मला तरी काय ठावं."

"तुझ्या म्हायेरला अशी असत्यात?"

"माळ भरून."

"मग कवा दावलं न्हाईस?"

"तुमी आला कवा?"

त्याच आठवड्यात क्रांतीने गाडी काढली. भावाने माझ्या वाट्याला दिलेल्या माळावर आम्ही तिघे गेलो. गवताची काडी नव्हती, आभाळात ढग नव्हता, आणि सगळ्या उतारावर ते दांडे फुलून उभे होते. पाखरांची ही झुंबड. मालकांनी पायताणं काढली आणि ते सावधान उभे राहिले. हुकूम कुणाचाच नव्हता. मला रडू आले. दोर वळायला ती पानं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापली, पण मान वर करून मीही असे कधी पाहिले नव्हते.

४. सदर माळ मुलगा जयराज खडी क्रशरवाल्याला देऊ म्हणतो. "आई, तितं हाय काय?" बाळा, तू आला नव्हतास. माळ मी क्रांतीला देते. तिने तो विकू नये, फोडू देऊ नये. फुले आली की जयराजला तिथे न्यावे. नको म्हणाला तरी न्यावे.

५. परड्यातले झाड फुलून वाळले. दांड्यावर फुटलेली पिल्लं मी मुरमात लावली आहेत, ती राणीची. पाणी बेताने घालावे, चीक अंगाला लागू देऊ नये, नात स्वप्नाली मोठी होईपर्यंत पानांची टोके कातरावीत. "आत्या, ही फुलत्याली तवा मी म्हातारी झाली आसंन," असे राणी म्हणाली. होशील. तरी लाव.

मजकूर वाचला, पटला, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: उंब्रज
दिनांक: १४ जून २०२५

(सही) अंबूबाई आकाराम साळुंखे

साक्षीदार:
१. दादासो केरबा जगदाळे. सही माझ्यासमोर झाली.
२. आकाराम जोतिबा साळुंखे, निवृत्त सुभेदार. सही माझ्यासमोर झाली. कलम चारबाबत: जयराजला न्यायला हिच्या मरणाची वाट कशाला बघायची? फुलं आली की मीच नेतो.