माळ्यावर न टाकलेलं

हर्षला,

मी नणंदेकडं कळंबला चाललेय, तिन्हीसांजेला येते. तुझ्यासाठी वालाचं बिरडं झाकून ठेवलंय. काल उपाशी झोपलीस, आज जेव गं.

काल तू माझा फोन आवरलास आणि मी घरभर ओरडले. पडद्यावरची सगळी चित्रं गेलेली बघून वाटलं, तुझ्या सासऱ्यांचे आवाजबी पुसलेस. सकाळी नीट बघितलं. रोजचं तेवढं पुढं, बाकीची अडगळ 'माळा' नावाच्या एका खणात. माझ्या सैपाकघरात हाय तसंच. पण यांचे आवाज माळ्यावर नाय टाकलेस. खाली, माझा अंगठा पोचतो तिथं ठेवलेस, वर 'आबा' लिहून. लय बरं केलंस, पोरी. ते गेल्यापासून दोन वर्सं मला हे आवाज सापडत नव्हते.

आठवणीसाठी ते माझ्या फोनात बोलून ठेवायचे, तुला ठाऊक हाय. मी पहिलाच दाबला. म्हणाले, "मोटार बंद करायची हाय, इसरू नको."

जुनंच ते. तरी सवयीनं उठून विहिरीवर गेले. मोटार खरंच चालू होती. तुझ्यावर ओरडायच्या नादात मीच विसरले होते.

आई