दुसरं मिनिट

बाई, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. कागद सापडला नाही म्हणून नोंदीच्या कोऱ्या तक्त्याची मागची बाजू घेतली. तुम्ही असता तर आधी यावरूनच मी तुमची बोलणी खाल्ली असती. दुपारचे तीन वाजलेत. बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, कूलरमध्ये आत्ताच दोन बादल्या ओतल्यात, आणि वार्डातल्या नऊही बायका झोपल्यात. कोपऱ्यातली खाट तेवढी रिकामी आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी या दवाखान्यात लागले तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम म्हणजे चादरी बदलायच्या, बेडपॅन द्यायचं आणि सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची. तुम्हीही सिस्टर नव्हता. माझ्यासारख्याच मदतनीस, पण पंचवीस वर्षं मुरलेल्या, आणि डॉक्टरसुद्धा तुम्हाला बाईच म्हणायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या बायका याडी म्हणायच्या, म्हणजे आईच. त्यांच्याशी तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत बोलायचात आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, तरी पेशंट शांत झालेली दिसायची. पहिल्याच दिवशी तुम्ही मला एका म्हातारीची नाडी बघायला लावलीत आणि माझ्या हातावर चापट मारलीत. "अंगठा काढ. अंगठ्याले सोताची नाडी रायते. तू तिची नाई, तुहीच मोजून राह्यली." मग माझी तीन बोटं धरून म्हातारीच्या मनगटावर नेमकी जागा दाखवलीत. मी अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली, तर पुन्हा चापट. "दुसऱ्या अर्ध्यात काय होते ते तुले काय माहीत?"

पण तुमची खरी विद्या त्याच्या पुढची होती. नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. बोटं तिथंच ठेवायची, चेहरा तसाच, आणि नजर मात्र घड्याळावरून हळूच छातीवर न्यायची. छाती वर गेली, खाली आली, की एक. पेशंटला वाटलं पाहिजे की बाई अजून नाडीच बघतेय. "ज्याले समजलं का आपला श्वास मोजून राह्यले, त्याचा श्वास लबाड होते," तुम्ही म्हणायचात. पहिलं मिनिट हृदयाचं, दुसरं फुप्फुसांचं. दोघांची बैलजोडी असते, एक बसायला लागला की दुसरा जास्त ओढतो. आकडा वाढला की समजायचं, आत कोणीतरी एकटं ओढतंय. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. त्यात चित्रं होती, बाण होते, पण मला आजही ती जोडीच दिसते.

आणि ते अठरा. मला लागून तीन महिने झाले असतील. बाजाराचा दिवस, दवाखाना गच्च, आणि मी दहा खाटांचे तक्ते भराभर भरून टेबलावर ठेवले होते. तुम्ही ते उचललेत आणि वार्डाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं वाचायला लागलात. श्वास अठरा. श्वास अठरा. श्वास अठरा. "वा! सगळा वार्ड एकाच नाकानं श्वास घेते का?" बायका पोट धरून हसल्या. सगळ्यात जास्त हसली ती घाटंजीकडची एक मजूर बाई, आणि तुम्ही मला पुन्हा खाट खाट फिरवलंत तेव्हा तिचाच श्वास सव्वीस निघाला. मी रडले. चहाच्या खोलीत तुम्ही माझ्यापुढे कप सरकवलात, आणि बशीत ओतून स्वतःचा पीत म्हणालात, "अठरा लिवनं सोपं हाय. कोनी इचारत नाई. बाकी सगळ्याले मशीन येईन, पण ह्याले मानूसच लागते." निवृत्त झालात त्या दिवशी छातीला उलटं लावायचं तुमचं घड्याळ माझ्या साडीला तुम्ही स्वतः लावलंत. ते अजून चालतं. आत्ताही त्यातच बघून मी तीन म्हटलं.

आता त्या सकाळबद्दल. तुमच्या मुलानं तुम्हाला आणलं, ताप, कोरडा खोकला, दोन दिवस पोटात अन्न नाही. खाट मिळाली ती कोपऱ्यातली. मला आनंद झाला, खोटं का बोलू, तुम्ही पुन्हा वार्डात आलात याचा. तेव्हा मी जुनी झाले होते, माझ्याकडून शिकायला दोन नव्या बायका आल्या होत्या, आणि मला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं की बघा, या माझ्या गुरू. मी तुमच्या दंडाला बीपीचा कफ गुंडाळला. तुम्ही धापा टाकत का होईना, पण म्हणालातच, "ढिल्ला हाय. दोन बोटं गेली पाह्यजे, इथं तुहा अख्खा हात जाते. अन् माहा हात असा लटकता काहून ठेवला? कोनं शिकवलं तुले?" "तुम्हीच," मी म्हटलं. नव्या दोघी खो खो हसल्या. मीही हसले, पण आतून माझं डोकं फिरलं होतं.

ताप एकशे एक. ऑक्सिमीटर चौऱ्याण्णव. नाडी मी अर्धं मिनिट धरली, बावन्न, म्हणजे एकशे चार. आणि तुमचं मनगट सोडून दिलं. तुमचा हात तसाच राहिला, बाई. चादरीवर, उताणा, बोटं जराशी मिटलेली. तुम्ही नजर छताकडे वळवली होती, जशी ज्याचा श्वास मोजतात त्याची असावी तशी. तुम्ही दुसऱ्या मिनिटासाठी हात ठेवून पडला होता. मी तिथंच उभं राहून श्वासाच्या रकान्यात अठरा लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेले. वळून पाहिलं तेव्हाही हात बाहेरच होता.

साडेअकराला डॉक्टर आले. त्यांनी तक्ता वाचला, "श्वास अठरा, ऑक्सिजन चौऱ्याण्णव. ठीक आहे, इथंच ठेवू, संध्याकाळी बघू." श्वासाचा तीसच्या वरचा आकडा दिसला की ते तिथल्या तिथे यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलवायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तुम्ही अठरा ऐकलंत. माझ्याकडे पाहिलंत. नव्या दोघी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. तुम्ही काहीच बोलला नाहीत. सात वर्षं मी यावर डोकं आपटते आहे, की ज्या बाईनं उभ्या जन्मात एकही चूक पोटात घातली नाही, ती त्या दिवशी गप्प का बसली. मला एकच उत्तर सुचतं, की सकाळी एकदा त्या दोघींसमोर बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा तुम्हाला मला खाली बघायला लावायचं नव्हतं. हे उत्तर खरं नसलं तर बरं होईल.

चारला तुमचे ओठ निळसर दिसले, गळ्याचा खळगा आत ओढला जात होता. तेव्हा मी मोजले. बेचाळीस. मग गाडी, सिलिंडर, धावपळ, आणि यवतमाळ दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना गाडीतच तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, वय होतं, दुखणं फार वेगानं वाढलं. तुमचा मुलगा माझ्या पाया पडला, "तुम्ही आईच्या सोबत होता," म्हणाला. मी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत. मला फक्त एकच कळायला हवं होतं, की सकाळी तो आकडा किती होता. वीस असता तर माझा दोष थोडा. तीसच्या वर असता तर सगळा. आणि ते कधीच कळणार नव्हतं, कारण मोजायला जी होती तिनं मोजलं नव्हतं.

तुमच्या तेराव्यानंतर लगेच मारेगावकडची एक म्हातारी लेकीकडे आली असताना ताप भरून दाखल झाली. दुपारी मी तिच्याजवळ गेले, "आजी, हात द्या." ती कुरकुरली, "आता कितीकदा देऊ माय? आत्ताच तं ते बाई मोजून गेली." मी विचारलं, कोण बाई? "तुमच्यातलीच. बोटं थंडेगार. नाडी पाह्यनं झालं तरी हात सोडेच ना." मी तासभर दारातच बसले होते, आत कोणी गेलं नव्हतं. म्हातारीचा श्वास बत्तीस निघाला. डॉक्टरांनी लगेच पाठवलं आणि ती वाचली. पुढच्या महिन्यात बाजाराला आली तेव्हा वार्डात डोकावून गेली. त्यानंतर असं चार-पाच वेळा झालं. कधी कोपऱ्यातली खाट, कधी दाराजवळची. पण दर वेळी मी थकलेली असते, आणि पेन त्या रकान्यावर टेकलेलं असतं. आता मी विचारत नाही कोण बाई. गुमान मोजते.

मागच्या आठवड्यात मात्र वेगळं झालं. भर दुपारी लाइट गेली आणि कूलर बंद पडला. तो बंद पडला की वार्ड किती शांत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी इथंच, याच टेबलाशी होते. आधी एकेकीचा श्वास वेगळा ऐकू येत होता. मग हळूहळू ते एकमेकांत मिसळले आणि नऊ बायका एकदम श्वास घ्यायला लागल्या. नऊ छात्या एकदम वर, एकदम खाली. माझ्या हातानं आपोआप घड्याळ उचललं. पूर्ण एक मिनिट. अठरा. तुम्ही वार्डाच्या मधोमध उभं राहून जे वाचलं होतं तेच, पण आता कोणी हसत नव्हतं. आणि त्यांच्यात न मिसळलेला एक श्वास होता. उथळ, घाईचा, कोपऱ्यातून. तिथल्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. मी घड्याळ पुन्हा पाहिलं आणि तो मोजला, या वेळी अर्ध्यावर सोडला नाही. चौतीस. मग लाइट आली, कूलर घरघरला, एक बाई कुशीवर वळली आणि पाणी मागू लागली.

चौतीस, बाई. म्हणजे सगळा दोष.

मी तुमच्या मुलाला, डॉक्टरांना, घरी नवऱ्याला, सगळ्यांना सांगत आले की त्या सकाळी फार घाई होती. घाई नव्हती. वार्डात सहाच पेशंट होत्या आणि माझ्या हाताशी दोघी होत्या. मला राग आला होता. ढिल्ल्या कफावरून तुम्ही माझं हसं केलंत म्हणून मी तुमचा हात सोडला, आणि तो वाट बघत पडलेला दिसला तेव्हा मला बरं वाटलं. हे एवढंच लिहायचं होतं. हा कागद कोणाला द्यायचा नाही. मी तो उलटून पुढच्या बाजूला कोपऱ्यातल्या खाटेचा नंबर टाकला आहे आणि श्वासाच्या रकान्यात चौतीस लिहिले आहेत. तसाच फाइलच्या तळाशी जाईल.

उजव्या हातानं लिहितेय, डावा टेबलावर आहे, उताणा. मघापासून मनगटाला तीन ठिकाणी गार लागतंय, आणि कूलर या बाजूला नाही. पहिलं मिनिट झालं असेल. मी आता पेन खाली ठेवते आणि छताकडे बघते. हात काढणार नाही.