गुडघाभर पाण्याची जागा

३ डिसें. १९७८, रविवार
नवं काम सुरू. जुन्या कोळीवस्तीपासून उत्तरेच्या टोकापर्यंत पाण्याची खोली मोजायची. तिथे भराव पडणार. समुद्र मागे सारून रस्ता, मग इमारती. बोटीवर मी आणि हसनमियाँ. ते दाभोळकडचे, सुकाणू त्यांच्या हातात. दिवसभर आपल्या भाषेत बोलायला मिळतं, दोह्यात एवढंही पुष्कळ.
बोट मध्येच वाळूत रुतली. खोली मोजायचा स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली लांब काठी, खांद्यावर टाकून चालत निघालो. किनारा अर्धा मैल मागे राहिला तरी पाणी गुडघ्यापर्यंतच. तिथे एक म्हातारा कतरी उभा. ओरडला, "उधर नहीं, इधर से! उधर पत्थर है, पाँव कटेगा."
हिंदी ऐकून चाटच पडलो. तरुणपणी मोत्यांच्या गलबतावरून मुंबईला जायचा म्हणे. नाव बू राशिद. म्हणजे राशिदचा बाप. खरं नाव सांगितलं नाही.

९ डिसें.
तो उभा होता तो दगडी बांध त्याच्या आजाने रचलेला. अर्धचंद्रासारखा. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला आतच राहतात. हा टोपली घेऊन चालत जातो नि वेचून आणतो. जाळं नाही, होडी नाही. ते मस्कर म्हणतात त्याला. आमच्या शीटवर मी लिहिलं, 'अडथळा, दगडी'.
आज स्टाफ त्यानेच धरला. मी आकडा वाचायच्या आधी पाण्याकडे बघून सांगायचा, किती ते. एकदाही चुकला नाही. हसनमियाँ म्हणाले, "ह्याला पगारावर घ्यायला सांग रे साहेबाला."

२२ डिसें., शुक्रवार
बू रा.कडे जेवायला. भात नि मासा, एका ताटात सगळे. राशिदही होता. एका ऑफिसात नोकरीला आहे, इंग्रजी चांगलं. आमच्याशी अदबीने बोलला, पण बापाने मुंबईच्या गोष्टी काढल्या की खाली बघायचा.
जेवणानंतर म्हातारा म्हणाला, कागद दाखव. प्लॅनची एक कॉपी होती बरोबर, पसरली. लाल रेघ दाखवली. रेघेच्या आतलं सगळं जमीन होणार. त्याने मस्कर कुठे ते विचारलं. बोट ठेवलं मी. रेघेच्या चांगलंच आत.
त्याने रेघेवरून बोट फिरवलं. मग, "मछली को कौन बोलेगा?"
राशिद हसला. मी पण हसलो. म्हातारा हसला नाही.

१६ जाने. १९७९
उथळ जागांना नावं आहेत. बू रा.ने एकेक सांगितली, मी फील्डबुकात उतरवून घेतली. एक बगळ्याचं, एक कुणा बुडालेल्या भावाचं, एक नुसतंच 'आजीची चटई'. ट्रेसिंगवर बारीक अक्षरात घातली. कंपनीच्या साहेबाने पाहिलं. "व्हॉट इज धिस?" ब्लेडने खरवडून काढायला लावली. बरोबरच आहे त्याचं, काँट्रॅक्टच्या नकाशात नावं कशाला.
खरवडताना एका जागी कागद फाटला. शीट पुन्हा काढावी लागली.

१० फेब्रु.
बाबांना जाऊन आज दीड वर्ष. तार आली तेव्हा मी मेसईदच्या साइटवर होतो. पासपोर्ट कंपनीकडे, रजा नाही. घरून बायकोने, सुमनने, पत्रात लिहिलं होतं, शेवटी शेवटी ते दाराकडे बघायचे.
हे इथे का लिहितोय. बू रा. आज खोकत होता, म्हणून असेल.

२४ फेब्रु.
बू रा.ची कोळीवस्ती रिकामी. सरकारने आत वाळवंटाच्या बाजूला नवी घरं दिलीत. चांगली आहेत, नळ आहे, ए.सी. आहे. राशिद खूश. म्हातारा पहिल्या दिवशी नव्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसला, तर समोर भिंत. हे त्यानेच सांगितलं. रोज राशिदच्या गाडीतून सकाळी इकडे येतो, दुपारी त्याच्याबरोबर परत.

११ मार्च
ड्रेजर आला. तळाची वाळू ओढून पाइपातून किनाऱ्याकडे ओकतो. पाणी दुधी. आमच्या डोळ्यांसमोर जमीन वर येते. एक चंदेरी मासळी पाइपाच्या तोंडातून उडाली नि चिखलात पडून तडफडत राहिली. हसनमियाँनी उचलून बोटीतून पाण्यात सोडली.

२१ एप्रिल
मस्करच्या दक्षिणेला वाळू स्वच्छ लागली म्हणून ड्रेजरने तिथेच खोल खणलं. प्लॅनमध्ये नव्हतं. आज खोली घेतली. डिसेंबरात दोन फूट होती. आज सव्वीस. किनाऱ्यावरून मस्करला चालत जायची वाट बरोबर तिथूनच. वरून काही कळत नाही, पाणी गढूळ.
साहेबाला सांगितलं, झेंडे लावायला हवेत. "फ्लोट्स आर कमिंग." झेंडे ज्यावर उभे करायचे ते तरंगते पिंप. कधी?
हसनमियाँ म्हणाले, "फ्लोट येतील तेव्हा येतील. तू म्हाताऱ्याला सांग."
बू रा. चार दिवस आलेला नाही. तापाने पडलाय म्हणे.

२६ एप्रिल, गुरुवार
बू रा. आज आला. लांबून दिसला, चहाच्या टपरीपाशी. हात हलवला. मी पण हलवला. कँपची बस सुटत होती, अर्धा दिवस, उद्या जुम्याची सुट्टी, सगळे ओरडत होते, "यल्ला, यल्ला". म्हटलं, शनिवारी सांगू. दोन मिनिटांचं तर काम.

२८ एप्रिल, शनिवार
बू राशिद गेला.
काल जुम्याच्या नमाजानंतर. अमावस्येची मोठी ओहोटी. राशिदला म्हणाला, मला तिकडे सोड, ताप उतरलाय, जरा बघून येतो. टोपली घेऊन चालत गेला. शुक्रवार, साइटवर कोणी नाही. आज सकाळी त्या खणलेल्या जागी आमच्याच बोटीला दिसला. ह.नी नि मी वर घेतला. अंगावर कपडे, टोपलीची दोरी मनगटाला.
काल त्या वेळी मी कपडे धुतले, सुमनला पत्र लिहिलं, झोपलो.

२९ एप्रिल
झेंडे लागले. सहा. फ्लोटसकट स्टोअरमध्येच होते.

३० एप्रिल
सा.ने बोलावलं. टाइप केलेला कागद. खड्ड्याभोवती खुणा २२ तारखेलाच लावल्या होत्या, असं. खाली माझं नाव, सहीची जागा. "इट इज फॉर एव्हरिबडी, दत्ता. यू हॅव फॅमिली."
सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, वाचून देतो. कागद दोन ओळींचा.

१ मे
ह.ना विचारलं, काय करू. दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "मी तुझ्याबरोबर होतो. तू जे बोलशील तेच मी बोलेन. पण तू त्याला सांगलास नाही, ते मी नाय बोलणार. ते तुझं तू बघ."
घरी पाठवलं तर सुमन, पोरगी, अर्धवट बांधलेलं घर. पोरीला मी नीट आठवतही नाही.

२ मे
राशिद ऑफिसात आला. दाढी वाढलेली. माझ्या टेबलासमोर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. इंग्रजी बोलला नाही, बापाच्या हिंदीत बोलला. पहिल्यांदाच.
"झंडा था?"
सा. काचेपलीकडून बघत होता. मी म्हटलं, इथे नको. उद्या असरच्या, तिसऱ्या प्रहरीच्या नमाजानंतर ये, कँपच्या फाटकाशी.
"वो तुमको अच्छा आदमी बोलता था," म्हणाला, आणि गेला.
झेंडा नव्हता, हे सांगणं सोपं. नोकरी जाईल, पण सोपं. मला पाच दिवस आधी ठाऊक होतं, मी हात हलवून बसमध्ये चढलो, हे कुठल्या भाषेत सांगायचं.

३ मे, गुरुवार
बाहेर सावलीत उभं राहायची सोय नाही म्हणून खोलीतच लिहीत बसलो. कागद अजून खिशात, सही नाही. हसनमियाँ म्हणाले, "येऊ काय बरोबर?" नको म्हटलं.
नमाज संपला. खिडकीतून फाटक दिसतं. गाडी येऊन थांबली, हॉर्न नाही वाजवला. राशिद उतरलाय. एकटा नाही, मागच्या सीटवर काळ्या अबायात कोणी म्हातारी बाई आहे. त्याची आई असणार. ती खाली उतरत नाहीये, काच तेवढी खाली केलीय.
चप्पल घालतो.