चहाआधीची कविता

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. सौ. घुमीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

काल, शनिवार, दिनांक ८ फेब्रुवारी रोजी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत तुझ्या कवितेवर अन्याय झाला. वेळ मी घड्याळात बघून टिपली आहे. उभी नोकरी कोर्टात लघुलेखिका म्हणून झाली. तारीख-वेळ नसलेल्या तक्रारीची काय गत होते ते मी रोज बघत होते.

आमच्या काव्यमंडळाची रीत तुला माहीत आहे. कवीचं नाव न सांगता कविता वाचायची, प्रत्येकाने मत द्यायचं आणि मगच चिठ्ठी उघडून नाव जाहीर करायचं. येत्या ९ मार्चच्या वार्षिक कार्यक्रमाचा विषय युद्ध आहे. मागच्या खेपेला शेंगा सोलताना तू जी कविता म्हणालीस आणि मी भराभर लघुलिपीत उतरवली, ती काल तुझ्या परवानगीने वाचली. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर कळव, म्हणून जशी वाचली तशीच देते:

झोप तू. आजचा पहारा माझा.
बूट काढलेस ना, राहू देत काढलेले.
इथे दार म्हणजे नुसतं दार आहे
आणि वाजतो तो वाराच आहे.
उशीखाली तुझा हात काय शोधतो, ठाऊक आहे;
तिथे आता काही नाही.
सकाळ होईल. इथे ती होतेच.
तोवर तुझ्या वाट्याचं जागणं
माझ्याकडे दे.

वाचून झाली तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. दातांचे डॉक्टर एरवी कवितेच्या वेळी घोरतात, ते चष्मा पुसत बसले. आपले व्याही, म्हणजे अध्यक्ष प्राध्यापकसाहेब, म्हणाले की आघाडीवर उभा राहिलेला माणूसच हे लिहू शकतो. जखमी सोबत्याच्या उशाशी एक जवान बसला आहे आणि त्याच्याशी बोलतो आहे, असं त्यांनी आम्हाला समजावून दिलं. कविता पहिल्या भागात, तीही सर्वांत शेवटी वाचायची असं ठरलं.

मग चिठ्ठी उघडली. तुझं नाव आणि खाली ‘निवृत्त टेलिफोन ऑपरेटर’. प्राध्यापकसाहेबांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे एखादा सुभेदार सापडेल अशी आशा असावी. मग म्हणाले की हे बाईंचं असेल तर ही युद्धकविता नव्हे, ही संसारातली हळवी रचना झाली. कार्यक्रमाचा पहिला भाग ‘रणभूमी’, मग चहा, मग ‘स्त्रीमन’. तुझी कविता चहापलीकडे गेली, दोन अंगाईगीतांच्या मधोमध. चहानंतर निम्मी सभा घरी जाते हे त्यांना ठाऊक आहे. कवितेतला एक शब्द बदलला नव्हता, घुमे. बदललं ते एवढंच की ती कुणाची हे कळलं.

रात्री मी ‘रणभूमी’च्या सगळ्या कविता पुन्हा काढून वाचल्या. बाई जवळजवळ प्रत्येकीत आहे. कुठे निरोप देते, कुठे वाट बघते, कुठे धीराने बातमी ऐकते, पण उभी मात्र सगळीकडे दारातच. बोलत नाही. तिला कुणी आत येऊन बस असंही म्हणत नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्याला हेच वाचायला दिलं आणि आपण चाली लावून पाठ केलं. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या म्हाताऱ्या सिस्टर नेहमी सांगायच्या की अर्थाच्या मागे लागण्याआधी विचारा, बोलतंय कोण, आणि गप्प कोण बसलंय. तेव्हा मला वाटायचं, बाईंना दुसरं काही येत नाही. काल त्यांचे मनोमन आभार मानले.

लेकीचा लगेच फोन आला, की आई, माझ्या सासऱ्यांशी भांडू नकोस. मी अजून भांडलेले नाही. तुझा होकार आल्याशिवाय भांडणारही नाही. धाकट्याला यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही हे तुझं सांगणं माझ्या लक्षात आहे. हे पत्र वाचून झालं की कपाटात टाक.

पण एक सांगते. माझा धाकटा भाऊ आघाडीवरून धडधाकट परत आला याबद्दल मी आजवर पुष्कळांचे आभार मानले. त्या यादीत तू नव्हतीस. आता पहिली आहेस.

तुझी,
अक्का

---

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मीच वाचलं, आणि मोठ्याने वाचलं. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, ते डॉक्टरांनी अलीकडे ओढलं आणि मंगळवारी उरकलं. डोळा उत्तम आहे. आठवडाभर वाचायला मनाई आहे, म्हणून सध्या वर्तमानपत्रापासून दूधवाल्याच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मी वाचून दाखवतो. तुझं अक्षर पाहून हिने जरा चुळबूळ केली, आधी भाजी निवडून घेऊ म्हणाली. पण मी फौजी माणूस, हाती आलेला संदेश शेवटपर्यंत पोचवणार. कविता वाचली. प्राध्यापकांवर पदरचे चार शब्द घातले. आणि त्याच तारेत, धाकट्याला अक्षरही कळू द्यायचं नाही, हेही खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

आधी हसली ती हीच. पट्टीखालून पाणी यायला लागलं तेव्हा मी घाबरलो, डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. ती म्हणाली की हे हसण्याचं आहे, त्याला मनाई नाही, पुढे वाचा.

अक्का, सुट्टीवर घरी आलो की मी गाढ झोपायचो. छावणीत सगळ्यांना सांगायचो की माझ्या घरची गादी एक नंबर आहे. सगळं श्रेय मी गादीला देत होतो. ही उशाशी बसून राहायची आणि सकाळी एक्स्चेंजवर कामाला जायची, हे मला काल-परवा कळलं. उशीखाली हात जायचा हेही मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलं की अशा रात्री किती. ती म्हणाली की रात्री मोजायच्या असत्या तर कविता कशाला केली असती.

तेव्हापासून मी सकाळचा चहा करतो. चांगला होत नाही, पण ती पिते. या वयात नवऱ्याने बायकोचे आभार कसे मानायचे याचा आम्हाला सराव नाही. तू लिहिलंस म्हणून निदान सुरुवात झाली. तुझे उपकार आहेत.

आता कामाचं. प्राध्यापकांना भेटायला मी येतो. कोटावर सगळी पदकं लावतो आणि सांगतो की तो झोपलेला जवान मी. मग बघू कोणत्या भागात टाकतात. तारीख कळव.

तुझा,
धाकटा

---

गुरुवार, २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
घुमीचा नमस्कार.

पट्टी निघाली. अक्षर मोठं आहे, ओळी वर चढताहेत, चालवून घ्या. जगात इतके रंग आहेत हे मी विसरले होते. तुमच्या भावाचा आवडता शर्ट पांढरा नाही, हेही आजच समजलं.

त्यांचं पत्र मला न दाखवता गेलं. काय लिहिलं ते नंतर कबूल केलं. पदकं आणायची नाहीत. त्यांच्या पदकांमुळे माझी कविता युद्धाची ठरणार असेल, तर प्राध्यापकांचंच खरं झालं की! मग ती अंगाईगीतांमध्ये बरी आहे.

पहिल्यांदा मला वाटलं की सोडून द्यावं. तुमच्या लेकीचं सासर आहे, तिला रोज त्याच घरात वावरायचं आहे. शिवाय मी काही कवी नाही. रात्री रेडिओ लावता येत नसे, दिवा लावता येत नसे, म्हणून मनात शब्द लावत बसायची. पण तुमचं पत्र यांच्या आवाजात ऐकलं, आणि स्त्रीमन ऐकून मला राग आला, वन्सं. मला राग येतो हे इतक्या वर्षांनी समजलं. आता उतरत नाहीये.

मी रणभूमी पाहिली नाही, हे खरं आहे. पण ती सुट्टीवर आमच्याकडे यायची, यांच्याबरोबर. सुट्टी असेपर्यंत मुक्काम करायची. दाराची कडी वाजली की ती आधी उठायची. तिला मी जितकं जवळून पाहिलं आहे तितकं प्राध्यापकांनी नक्कीच पाहिलेलं नाही. मग माझ्या कवितेला चहापलीकडे का पाठवायचं?

म्हणून लिहा त्यांना. मात्र लेकीचा मान राखून. कविता मी स्वतः येऊन वाचीन. हे शेजारी बसतील, साध्या शर्टात, आणि बोलणार नाहीत. तशीही कविता सुरू झाली की त्यांना झोप लागते.

तुमचे आभार कसे मानू? ही कविता कधी कुणाला म्हणून दाखवली नव्हती. तुम्ही छान म्हणाला नाहीत, डोळे पुसले नाहीत, नुसती पेन्सिल काढून उतरवून घेतलीत. लाजायला वेळच मिळाला नाही. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला घुमी म्हणायला लागलात. पण ऐकूनही तुम्हीच घेतलंत.

आपली,
घुमी

---

सोमवार, २४ फेब्रुवारी

मा. प्राध्यापकसाहेब,
अध्यक्ष, काव्यमंडळ,
स. न. वि. वि.

हे पत्र व्याह्यांना नसून अध्यक्षांना आहे, तेव्हा कृपया घरी न उघडता वाचनालयात उघडावं. आपल्या सूनबाईंनी मला न बोलण्याविषयी विनवलं होतं. मी बोलत नाही. लिहिते आहे.

दिनांक ८ फेब्रुवारीच्या सभेत आपण जे बोललात ते माझ्याकडे लघुलिपीत शब्दशः आहे. चिठ्ठी उघडण्यापूर्वी आपण म्हणालात की या कवितेत युद्धाचा आवाज न करता युद्ध ऐकू येतं. चिठ्ठी उघडल्यानंतर म्हणालात की ही संसारातली हळवी रचना आहे. दोन्ही वाक्यं एकाच कवितेविषयी आहेत आणि मधे फक्त एक कागद उलगडला गेला. कोर्टात साक्षीदाराने असा जबाब फिरवला की न्यायाधीश माझ्याकडे बघून पहिलं वाक्य पुन्हा वाचायला सांगत. मी तेच करते आहे.

नाव झाकून वाचण्याची रीत मंडळात आपणच आणली. मी त्याबद्दल आपली मनापासून ऋणी आहे, यात टोमणा नाही. त्या रीतीमुळेच काही मिनिटं का होईना, माझ्या भावजयीचं म्हणणं एका खोलीभर माणसांनी मान खाली घालून ऐकलं, आणि सर्वांत नीट आपण ऐकलंत. आपला कान चांगला आहे. माझी मागणी इतकीच, की आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा.

९ मार्चला माझी भावजय ही कविता स्वतः वाचायला येत आहे. शेजारी माझा भाऊ असेल. पहाऱ्यावर जी बसली ती ही आणि झोपला तो हा. आपल्या कार्यक्रमपत्रिकेनुसार तो चहाआधी आणि ती चहानंतर. लग्नानंतर सरकारने त्यांची पुष्कळ ताटातूट केली, आता काव्यमंडळाने करू नये. दोघांना शेजारी शेजारी खुर्च्या हव्या आहेत. त्या कोणत्या भागात मांडणार, एवढंच कळवावं.

उत्तर लेखी आणि आपल्या सहीचं हवं. शुक्रवार, दिनांक २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत ते माझ्या हाती पडावं. फोन, तोंडी निरोप किंवा सूनबाईंमार्फत पाठवलेलं हसू ग्राह्य धरलं जाणार नाही. आपल्याविषयी लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, हे शुक्रवारपर्यंत आपल्या हाती आहे.

आपली नम्र,
मंडळाची सभासद,
आणि शुक्रवारनंतर पुन्हा विहीणबाई