तळघराच्या भिंतींसाठी लाकूड

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा खोकला आता कमी आहे. तू पाठवलेले लाकडाचे तीन नमुने परवा मिळाले. सोबत चिठ्ठी, ‘तळघराच्या भिंतींना यातलं एक लावून टाक, बाबांची खोली मस्त होईल.’

लावून टाक! टेकडीवरचं हे घर बाबांनी स्वतःच्या हातांनी फळीला फळी जोडून उभं केलं आणि त्यांनाच तू तळघरात धाडायला निघालास! का, तर त्यांच्या वरच्या खोलीतून दरी दिसते आणि साहेबांना सुट्टीत तिथे बसून ऑफिसचं काम करायचंय. वा रे वा! म्हणे खाली शांतता असते. शांतता कसली डोंबलाची, ओल असते ओल.

फोनवर मी नुसतं ‘बघते’ म्हणाले, तीच माझी चूक. तुझ्याशी वाद घालायचा कंटाळा केला. वर बाबांना खरं सांगायची हिंमत होईना. नमुने त्यांच्यापुढे ठेवले आणि चक्क खोटं बोलले, पाहुण्यांसाठी खोली करतोय म्हणून.

कसले खुलले रे! चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. प्रत्येक तुकड्यावर बोटाने टकटक केलं, कड हुंगली. मग सगळ्यांत पातळ, लाकडाचा नुसता छाप मारलेला तुकडा माझ्या हातात दिला.

“बाबा, हा तर अगदीच फुसका आहे.”

“चार दिवसांच्या पाहुण्याला पुरे झाला. घरचं माणूस राहणार असतं तर म्हटलं असतं, आधी भिंतीची ओल घालवा, एक खिडकी करा, मग लाकडाचं बोला. पण घरच्या माणसाला तळघरात ठेवतंय कोण!”

आणि हसले. मला मान वर करवेना. लाज वाटली, तुझी आणि माझीसुद्धा.

तर आता नीट ऐक. बाबांची खाट वरच्या खोलीतून इंचभरही हलणार नाही. तळघराचं काम सोमवारी सुरू होतंय. बाबांनी निवडलं तेच लावायला सांगितलंय. ओलीचा आणि खिडकीचा विषय मी काढलेला नाही. सुट्टीत जरूर ये. तुझं अंथरूण खाली घातलेलं असेल.

बाबा रोज विचारतात, पाहुणा कधी येणार?

वाट बघतेय,
ताई