उत्तरेच्या यंत्राच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक. आईचा गुडघा दुखतो, तरी दिवसातून चारदा जिना चढतेच. माझं काम तेच : डोंगराच्या तीन बाजूंची भूकंपमापक यंत्रं तपासायची, आकडे उतरवायचे, वही मिटायची.

आई म्हणाली, तू संशोधन सोडून विमा कंपनीत जाणार आहेस. खरं सांगू? ऐकून मला बरं वाटलं. पूर्ण दिवस बरं वाटत होतं.

तुझ्याबद्दल पेपरात आलं, तेव्हा आईने फोटो भिंतीवर लावला. येईल त्याला सांगायची, "पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर सरकतो. वितळलेला नसतो हं, घट्टच असतो, वर्षाला फार तर वीतभर सरकतो. वर आला की दाब कमी होतो, मग वितळतो आणि ज्वालामुखी होतो. आमच्या धाकटीने शोधलंय, आपल्या डोंगराखालीही तसंच आहे." मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी.

तापलेल्या खडकातून भूकंपाच्या लाटा सावकाश येतात, हे तू शाळेत असताना मीच तुला सांगितलं होतं. आपल्याकडे त्या उशिरा पोचतात, हेही आधी मलाच दिसलं होतं. मी नुसतं लिहून ठेवलं. तू "का?" म्हणून विचारलंस.

गेल्या वर्षी तुझा फोन आला. "ताई, उत्तरेच्या यंत्राच्या नोंदी राहिल्यात."

"ते बंद पडलं होतं."

"बरं. मग दोनांवरच भागवते."

एका शब्दाने उलट विचारलं नाहीस. दोन यंत्रांवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून परीक्षकांनी तुझा शोधनिबंध परत पाठवला.

ते यंत्र एक दिवसही बंद नव्हतं, चिमे.

काल आईने फोटो उतरवला. "आली की बघून तिला त्रास नको," म्हणाली आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिली. मला हेच हवं होतं ना? तिच्यासमोर उभं राहवेना.

सोबत चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत. लाटा दीड सेकंद उशिरा येतात. तुझं बरोबर होतं. माझ्या साहेबांनाही सगळं लेखी दिलंय; ते काय करायचं ते करतील.

निबंधाच्या आभारांत माझं नाव घालू नकोस. हे लिहितानाही आतून वाटतंय, घालावंस.

अजून तशीच असलेली,
तुझी ताई